सोळा नंबरचा माल

परत आलेल्या मालाच्या टोपलीत सोळा नंबरच्या एकतीस बॅगा पडल्या होत्या. सोळा नंबर म्हणजे तो. आणि त्याने तर दीड महिना कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं.

घरच्यांच्या लेखी तो मुलगी. मी मुलगी नाही म्हणाला, तेव्हा बाप म्हणाला, "लग्नाला पैसे आहेत. असल्या थेरांना दमडी नाही." आई दाराआड उभी राहिली, ती तिथेच राहिली. मग त्याने शाळेच्या बॅगांना पट्टे शिवून शिवून छातीचं ऑपरेशन करून घेतलं. कुणाच्या बापाच्या पैशाने नाही. स्वतःच्या बापाच्या तर नाहीच नाही.

डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे कामाचं नाव काढायचं नाही. इथे मालकाचा कायदा सगळ्यांना पाठ : महिनाभर नंबरवर माल आला नाही, की मशीन दुसऱ्याला. मशीन गेलं की दर महिन्याचं हार्मोनचं इंजेक्शन गेलं. इंजेक्शन थांबलं, की त्याचंच अंग पुन्हा बापाच्या बाजूने बोलायला लागणार.

मशीन गेलं असेल, हे धरूनच तो आला होता. पण हे त्याहून वाईट होतं. मशीन तर दिलंच, वर नंबरही दिला. प्रत्येक बॅगेच्या आतल्या खिशात नंबराची चिठ्ठी शिवतात. तीच कारागिराची अब्रू. तीन वर्षांत त्याची एक बॅग परत आली नव्हती.

"कुणाला बसवलंय माझ्या जागी?" त्याने विचारलं. "हाताने शिवतो का पायाने?"

मशीनं खडखडत राहिली.

त्याने एक बॅग ओढून काढली. पट्टा बसवायचा तर चौकोन शिवायचा आणि मधे फुली मारायची. दप्तराचं सगळं ओझं त्या फुलीवर. ही फुली डावीकडे कलली होती. तो थबकला. अशी कलती शिवण शेजारच्या मशीनवरच्या मावशीची; तिचं मनगट एकदा मोडलंय. पण मावशी अस्तर शिवते, पट्टे नाही. त्याने दुसरी बॅग काढली. बारीक, भित्रे टाके. चेन लावणाऱ्या पोरीचे. तिसरीत चौकोन एकीकडे, फुली भलतीकडे. हे कटिंगमास्तर. त्या माणसाने जन्मात मशीन चालवलं नव्हतं. चौथीचा दोरा तुटेस्तोवर ओढलेला. हा हात समोर बसणाऱ्या तोंडाळचा. 'हा की ही?' करत दोन वर्षं याच तोंडाळने त्याचं डोकं खाल्लं होतं.

"जेवणाच्या सुट्टीत तुझ्या मशीनवर एकेक जण बसायचो," मावशी सुईत दोरा ओवत म्हणाली. "नंबर गप्प राहिला असता तर मशीन गेलं असतं ना रे. पुष्कळ बॅगा पास झाल्या. या नाही झाल्या. तुझं काम मेलं फार अवघड आहे."

"त्यातल्या दोन माल नेणाऱ्या टेम्पोवाल्याच्या," तोंडाळ मान खाली घालूनच पुटपुटला. "सगळं माझ्यावर ढकलू नकोस."

मुकादम वही घेऊन आला. दीड महिना त्याने सगळं पाहिलं होतं आणि काहीच पाहिलं नव्हतं.

"एकतीस नग खराब," तो म्हणाला. "सोळा नंबरची सही लागेल. मालक वाचणार हे, आधीच सांगतो."

सोळा नंबरने हातातली बॅग उलटी केली. वाकड्या फुलीवरून अंगठा फिरवला. मग पेन घेतलं, सही ठोकली आणि वरचा 'खराब' शब्द खोडला.

"हे काय केलंस?" मुकादमाने विचारलं.

"चूक दुरुस्त केली," तो म्हणाला. "या नंबरवर एवढं चांगलं काम आजवर झालेलं नाही."