मागून येतोय

त्या फौजेत मेलेले मोजायची रीत सोपी होती. लढाईला निघताना प्रत्येकाने टोपलीत एक बाण टाकायचा, परत आल्यावर आपला आपण उचलायचा. टोपलीत उरतील तेवढे गेले.

टोपलीवर बसणारा म्हातारा महाकडक. दुपारी एका शिपायाने दोन बाण उचलले, तसं त्याने मनगटच धरलं.

"एका माणसाला एक."

"दुसरा भावाचा आहे, काका."

"का? भावाला हात नाहीत?"

"मागून येतोय."

"मग येऊन उचलेल की. ठेव खाली."

शिपायाने ठेवला, पण गेला नाही. तिथेच बसून राहिला, वाटेकडे बघत.

ऊन कललं. वाटेवर कुणी दिसेना. टोपलीत दोन बाण उरले. एक त्या भावाचा. दुसऱ्याला लाल दोरा होता. तो म्हाताऱ्यानेच सकाळी आपल्या पोराच्या बाणाला बांधला होता, चटकन सापडावा म्हणून.

मोजणीचा कारकून येताना दिसला. म्हाताऱ्याने एक बाण शिपायाच्या हातात दिला, दुसरा आपल्या कमरेला खोचला.

"काय आजोबा, किती गेले?"

"एकही नाही. दोघं जरा मागून येतायत."