काम दिसतंय का?

गटाराच्या चेंबरवर झाकण बसवलं, पालिकेच्या इंजिनिअरने तीन बाजूंनी फोटो काढले, फोटो गेल्याची टिंग वाजली आणि मुकादमाने झाकण परत उचलायला त्याच्या भोकात हुक घातला.

टेलरबाई दुकानातून बाहेर आल्या. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या त्यांनी काढून बाहीला टोचल्या.

"झाकण कुठे चाललं?"

"पुढच्या गल्लीत," मोबाइलमधून मान वर न काढता इंजिनिअर म्हणाला.

"आणि इथलं?"

"इथलं झालं की. फोटो गेला."

टेम्पोत दुसरं झाकण नव्हतं. "सकाळपासून हे एकच फिरवतोय," मुकादम म्हणाला. "तुमचा नंबर अकरावा."

चेंबर दुकानाच्या पायरीपासून दोन पावलांवर होतं. गुरुवारी टेलरबाईंचे वडील त्यात मांडीपर्यंत गेले होते. आबांना एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने अंधुक. नडगीला नऊ टाके घालून ते दुकानामागच्या खोलीत बसले होते आणि बाहेर जाऊ का, हे त्यांनी सकाळपासून दोनदा विचारलं होतं.

टेलरबाई चेंबरवर गेल्या आणि झाकणावर मांडी घालून बसल्या. हुक त्यांच्या गुडघ्याशी राहिला.

"अहो बाई, उठा," इंजिनिअर म्हणाला. "पूर्वी आमचे साहेब कामं पास करायचे, तेव्हा तुम्हीच ओरडायचात. आता लोक पास करतात. 'तुमची नजर' अ‍ॅपवर फोटो पडला, की वॉर्डातले नागरिक मत देतात. तुमचं काम पास झालंय. एकशे बारा हो. आम्ही कोण नाही म्हणणार?"

टेलरबाईंनी मोबाइल काढला. झाकण झकास दिसत होतं, मागे त्यांच्याच दुकानाची पाटी. खाली प्रश्न: फोटोत काम झालेलं दिसतंय का? त्यांनी 'नाही' दाबलं. शून्याचा एक झाला. कारभार पारदर्शक असल्यामुळे कोणी काय दाबलं ते नावानिशी दिसत होतं. 'हो'च्या यादीत पहिलंच नाव समोरच्या किराणावाल्याचं होतं. तो आठ पावलांवर गल्ल्यावर बसला होता.

"काका, तुमच्या डोळ्यांदेखत हुक घातला यांनी!"

"प्रश्न नीट वाच की पोरी. फोटोत दिसतंय का, असं विचारलंय. फोटोत दिसतंय. मी खोटं कसं बोलू?"

आणखी दोन मतं दिली, की त्याच्या नावापुढे 'दक्ष नागरिक' लागणार होतं.

यादीत खाली टेलरबाईंच्या भावाचं नाव होतं. त्यांनी फोन लावला.

"दादा, तू 'हो' दाबलंस?"

"कशाला?"

"आपल्या दारातल्या चेंबरला."

"थांब हं, बघतो... हो, दाबलंय. मीटिंगमध्ये होतो, सगळी मतं एकदम उरकली. अगं, छान बसवलंय की! आबांना सांग, आता बिनधास्त फिरा."

"मी त्याच झाकणावर बसलेय, दादा. उठले की हे घेऊन जाणार आहेत."

"मग उठू नकोस. पण आरडाओरडा नको करूस बाई. सगळे आपल्याला ओळखतात तिथे."

टेलरबाईंनी फोन बंद केला.

तोवर इंजिनिअरने त्यांचाच फोटो काढला होता. "'अडथळा'मध्ये टाकतो. लोक ठरवतील."

वरच्या गॅलऱ्यांत माणसं जमली होती. टिंग वाजली तशा त्यांच्या माना मोबाइलमध्ये गेल्या. चार मिनिटांत कौल आला. अडथळा हटवावा, हो, सत्त्याऐंशी.

"उठा. लोकशाही आहे."

"मग तिला खाली बोलवा. म्हणावं, ये आणि उचल मला."

खाली कोणी आलं नाही. मुकादम टेम्पोला टेकून मान खाजवत होता. बाईमाणसाला हात लावायची त्याची तयारी नव्हती.

"साहेब, कशाला वाढवता? बाई मिनिटभर बाजूला उभ्या राहतील. हटवल्याचा फोटो काढा आणि टाका. बाकीचं बघू."

इंजिनिअरने घड्याळ पाहिलं. "चालेल."

"राहते उभी," टेलरबाई म्हणाल्या. उठता उठता त्यांनी हुक भोकातून ओढून काढला आणि पाठीमागे धरला. झाकण चौकटीत चपखल बसलेलं, हुकाशिवाय ते उचलायला बोट शिरायलाही जागा नव्हती. त्या बाजूला झाल्या. फोटो निघाला. टिंग. अडथळा हटला, हो, चौसष्ट.

"चला, हुक द्या."

"कुठला हुक?"

"तुमच्या हातात आहे तो!"

"फोटोत दिसतोय का?"

किराणावाला फिसकन हसला आणि आपला आपणच थांबला. टेलरबाईंनी हुक दुकानात भिरकावला. तो शिलाई मशीनच्या लोखंडावर आदळून कुठेतरी आत गेला.

"काय पडलं गं?" आतून आबांनी विचारलं.

"काही नाही आबा. चपला घाला तुम्ही."

इंजिनिअरचा आवाज एकदम उतरला. "अहो बाई, पाचच्या आत अजून चार गल्ल्या करायच्यात. झाकण नसेल तर तिथे फोटो कशाचा काढू?"

"खड्ड्याचा काढा!" टेलरबाई ओरडल्या.