शेठचा बाप्तिस्मा

"मला उठवत नाय. डोकं फुटतंय," असं म्हणून कात्रीनने गोधडी तोंडावरून ओढून घेतली.

तिचा नवरा इनास दारात ठेवणीतला काळा कोट घालून उभा होता. आज ईस्टरच्या आदला पवित्र शनिवार. थोड्या वेळात चर्चमध्ये नव्या पाण्याला आशीर्वाद व्हायचा होता आणि त्याच पाण्याने बळीरामशेठचा बाप्तिस्मा. शेठची धर्ममाता म्हणून, पाणी घालताना त्याच्या खांद्यावर हात ठेवायला, कात्रीनने उभं राहायचं, हे महिनाभर ठरलेलं होतं. आणि ही बाई नेमकी आज आजारी पडली!

"तुला आजच धाड भरायची व्हती?" तो करवादला.

पनवेलच्या खाडीकाठी बळीरामशेठची दोन मिठागरं होती आणि इनास तिथला जुना मुकादम. शेठची बायको वारली आणि वर्षाच्या आत त्याने इनासच्या लेकीला, रेजिनाला, मागणी घातली. माणूस वाईट नव्हता. पन्नाशीला टेकला होता, एवढंच. रेजिना एकोणीस वर्षांची होती. चर्चमध्ये लग्न लागलं पाहिजे, अशी अट इनासने घातली. "मग होतो की ख्रिस्ती," शेठ म्हणाला आणि इनास हरखूनच गेला. पोर माडीच्या घरात नांदेल, आणि एवढा मोठा माणूस आपल्यामुळे चर्चमध्ये येईल. त्याने तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला.

उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी त्याने ही गोष्ट घरात काढली. रेजिना "नाय" म्हणाली. एकदाच. इनासने समोरचं ताट भिरकावून दिलं. "मी शब्द दिलाय. तो मोडलास तर तुलाच काय, तुझ्या आयेलापण या घरात जागा नाय!"

त्यानंतर रेजिनाने तोंड उघडलं नाही. इनासने तो होकार धरला. बापांना असले होकार फार लवकर ऐकू येतात.

फादरांना मात्र त्याने यातलं काही कळू दिलं नव्हतं. एक तर उपासकाळात लग्नाच्या गोष्टी काढायच्या नसतात. दुसरं म्हणजे, हा माणूस देवासाठी नाही, बायकोसाठी ख्रिस्ती होतोय, असं फादरांच्या मनात आलं असतं तर त्यांनी बाप्तिस्माच लांबवला असता. शेठलाही त्याने मुकाट राहायला बजावलं होतं. ईस्टरच्या सणाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, झाली की सांगायचं, मग ओळीने तीन रविवार फादर वेदीवरून लग्नाचा पुकार करतील आणि काम फत्ते.

गंमत अशी की शेठला प्रार्थना शिकवायचं काम फादरांनी रेजिनावरच सोपवलं. ती दर रविवारी चर्चमधल्या पोरांना धर्मशिक्षण देत असे. शेठ 'आमच्या बापा'मध्ये अडखळला की ती न कंटाळता पहिल्यापासून म्हणून घेई. ते बघून इनासला वाटे, पोर वळणावर आली.

"आता ऐन वेळी बाई कुठून पैदा करू?" तो अंगणात येऊन म्हणाला.

रेजिना पांढरं लुगडं नेसून तयार होती. डोळे सुजलेले होते. "मी उभी राहते, बाबा."

"तू?"

"त्यांना माझ्यासंगं प्रार्थना म्हणायची सवय हाय."

एवढी गुणाची पोर, आणि आपण तिच्यासमोर ताट भिरकावलं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. माफी मागावी असंही त्याला वाटलं, पण जीभ रेटली नाही.

चर्चमधल्या मूर्ती अजून जांभळ्या कापडाखाली होत्या. घंटा गुरुवारपासून मुक्या होत्या. लॅटिनमधली लांबलचक वाचनं संपली, पाण्याला आशीर्वाद झाला आणि फादरांनी विचारलं, "धर्ममाता कोण?"

रेजिना पुढे झाली. फादरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कात्रीनबाय कुठे आहे?"

"आजारी हाय, फादर."

"ही जबाबदारी जन्माची असते, बाय. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय. पोरांना मीच शिकवते."

तिने शेठच्या खांद्यावर हात ठेवला. फादरांनी शेठच्या मस्तकावर तीनदा पाणी ओतलं आणि बळीरामचा पास्कल झाला. शेठला खरोखरच रडू फुटलं. नंतर घंटा वाजू लागल्या, मूर्तींवरची कापडं उतरली, आणि इनासही कोटाच्या बाहीने डोळे पुसू लागला. इतका सुखी तो बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

दुपारी तो घरी आला तेव्हा कात्रीन चुलीपुढे बसून सणाचे फुगे, मैद्याचे गोल वडे, तळत होती.

"डोकं थांबलं वाटतं?"

"थांबलं." तिने मान वर केली नाही. "कोन उभी राहिली?"

"आपली रेजिना!"

कात्रीनच्या हातातला झारा थबकला. "पानी घातलं तवा तिचा हात खांद्यावर व्हता?"

"व्हता तर! सगळ्यांनी बघितलं."

कात्रीनने कपाळाला क्रूस केला आणि पहिला फुगा नवऱ्याच्या हातावर ठेवला.

रविवारी सणाची मिस्सा आटोपली तसा इनास शेठला घेऊन फादरांच्या खोलीत गेला. शेठने रेशमी कोट घातला होता आणि तो नव्या नवरदेवासारखा लाजत होता.

"फादर, गोड बातमी हाय," इनास म्हणाला. "पुढल्या रविवारपासून पुकार करा. माझी रेजिना आनि आपले हे पास्कलशेठ."

फादरांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"इनास, काल तुझ्या डोळ्यांदेखत रेजिना या माणसाची देवापुढे आणि चर्चच्या कायद्याने आई झाली," ते म्हणाले. "आईचं लेकाशी लग्न मी कसं लावू?"