तिघांची जुळणी

तेराउचींनी आपल्या स्पीकरच्या खर्जासाठी दणकट ॲम्प्लिफायर घेतला, मधल्या सुरांसाठी जुना व्हॉल्व्हचा आणि झांजेच्या किणकिणाटासाठी तिसरा, नाजूक. तिघांची जुळणी करता करता निवृत्ती आली, आणि पाठोपाठ त्यांच्या पत्नी साचिएबाई घर सोडून ओसाकाला बहिणीकडे गेल्या.

जुळणी झाल्याचं कळताच मित्र कुसाकाबे ऐकायला आले. "आज काय, मोठा वाद्यवृंद?"

"बसा तर खरं. मी रोज हेच ऐकतो."

साचिएबाईंनी फोनवर ठेवलेला निरोप खोलीभर घुमला: "भात कुकरमध्ये आहे. मी चालले. तुम्हाला ऐकू जाणार नाहीच म्हणा."

कुसाकाबे चुळबुळले. "अहो, या दोन ॲम्प्लिफायरच्या मीटरचे काटे हलतच नाहीत. बिघडले की काय?"



"ठणठणीत आहेत. फोनवरच्या आवाजाला मधला एकटा पुरतो."