उभा जोड

मासिनानं हेल्मेट वर केलं, जोडाकडे एकदा बघितलं आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून लोखंडी पट्टी भंगाराच्या पिंपात टाकली. आवाज होऊ नये म्हणून अलगद टाकली.

"पुन्हा बिघडली?" डेसनं लांबूनच विचारलं. लोगन शहरातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग शिकवणारा तो एकटाच.

"बिघडली."

"अगं बाई, अकरा परीक्षांच्या चौकटी भरल्यात तुझ्या कार्डावर. बारावीला काय मुहूर्त बघतेस? ट्रेलर बांधणाऱ्या यार्डाचा मालक आज चारपर्यंत थांबणार. चारनंतर ती नोकरी दुसऱ्याला. मी त्याला किती थोपवू?"

"उभ्या जोडावर हात बसला नाही अजून."

"तीन आठवडे हेच ऐकतोय. घाबरतेस तू, दुसरं काही नाही."

शेडच्या दारावर पोस्टर होतं: शिका आपापल्या गतीनं, कुणासाठी थांबू नका. ज्यानं हे लिहिलं त्याला वाटत असणार, माणसं शेडमध्ये एकेकटी येतात. सामोआ बेटांवरची माणसं एकेकटी येत नाहीत. शेजारच्या कप्प्यात आलापाती बसला होता. एकसष्ट वर्षांचा, मताई, म्हणजे घराण्याचा कर्ता. त्याच्याआधी कुणी ताटाला हात लावत नाही. तीस वर्षं कत्तलखान्यात सुरी चालवलेला त्याचा हात उभ्या जोडावर आला की थरथरायचा. त्याची बारावी चौकट रिकामी होती. मग मासिनाची कशी भरणार? बेचाळीस वर्षांची, तीन पोरांची आई, पण त्याच्या समोरून जाताना अजून कंबरेत वाकून 'तुलोउ' म्हणायची. माफ करा, तुमच्या पुढून जातेय.

डेसला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं कधी विचारलंही नव्हतं.

आलापाती सरावाला लोखंड शोधत पिंपापाशी आला. एक पट्टी काढली, चष्मा लावून बघितली. दुसरी काढली. तिसरी. प्रत्येकीवर खालपासून वरपर्यंत माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा जोड.

"मासिना."

"काय काका?"

"हे भंगार कुणाचं?"

ती हातमोजे काढू लागली.

"पोरी, मी म्हातारा झालोय, आंधळा नाही." त्याचा आवाज चढला तसे आजूबाजूचे ग्राइंडर थांबले. "माझ्यापायी नोकरी घालवतेस? उद्या तुझी पोरं मला काय म्हणतील? आईच्या वाटेत बसलेला धोंडा!"

"काका, तुमच्याआधी मी कशी..."

"गप बस."

त्यानं तिला 'जा, दे परीक्षा' म्हटलं असतं तरी ती गेली नसती. हे त्याला माहीत होतं. तो सरळ डेसपुढं जाऊन उभा राहिला.

"माझी परीक्षा घे. आत्ता."

डेसनं त्याच्या हाताकडे बघितलं. "आलापाती, एकदा नापास झालायस. आता झालास तर नवं कार्ड, पहिल्या चौकटीपासून. थांब की थोडा. घाई कसली आहे?"

"आहे. चारची."

पट्टी जोडून झाली, गार झाली, वाकवायच्या प्रेसमध्ये गेली. डेसनं दांडा ओढला. अर्ध्यावरच कट् असा आवाज आला आणि जोड तोंड उघडावं तसा उघडला.

डेसनं मान हलवली. आलापातीनं ती तुटकी पट्टी उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी टेबलाच्या मधोमध ठेवली.

"माझी पाळी झाली," तो म्हणाला. "आता कोण?"

मासिना उठली. डोळे भरले होते, आणि भरल्या डोळ्यांनी वेल्डिंग होत नाही. तिनं बाहीनं तोंड खसाखसा पुसलं. हेल्मेट खाली ओढलं.

तिची पट्टी वाकत गेली, वाकत गेली, घोड्याच्या नालासारखी झाली. केसाएवढीही चीर नाही. डेसनं कार्डावर सही केली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"हे तुला तीन आठवड्यांपूर्वीच येत होतं," तो म्हणाला. "मग थांबलीस कशाला?"

टेबलावर दोन पट्ट्या पडल्या होत्या, एक तुटलेली, एक वाकलेली. डेस एकदा तुटक्या पट्टीकडे, एकदा वाकलेल्या पट्टीकडे बघत राहिला. मग स्वतःशीच म्हणाला, "च्यायला." आणि एक कोरं कार्ड काढून आलापातीच्या कप्प्यात नेऊन ठेवलं.

"पळ आता," आलापाती मासिनाला म्हणाला. "माझ्याकडे काय बघतेस?"

"यार्ड दहा मिनिटांवर आहे, काका."

ती त्याच्या कप्प्यात आली. त्याच्या खांद्यावरून वाकून शिकवणं तिला जन्मात जमलं नसतं. ती सिमेंटच्या जमिनीवर मांडी घालून बसली, त्याच्या गुडघ्यापेक्षाही खाली. तिथून जोडाचं अगदी तळाचं टोक दिसत होतं. डेस कायम उभ्यानं बघायचा. त्याला ते कधी दिसलं नव्हतं.

"पहिल्या बोटभर जागेतच हात डगमगतो तुमचा. पुढं चांगला जातो. कोपर गुडघ्यावर टेकवा."

त्यानं टेकवलं.

"हां. आता खालून, काका. सावकाश."

तिनं हेल्मेट ओढलं. ठिणग्या तिच्या खांद्यावर पडू लागल्या, आणि जोड वर चढू लागला.