बंद झाकण

डब्याचं झाकण न उघडताच निरीक्षकाने कागदावर शेरा मारला : 'वास संशयास्पद. माल थांबवावा.'

कारखाना त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. तिथे बाळांसाठी दुधात कालवायचं पीठ तयार व्हायचं. नियम साधा होता. लहान मुलांच्या खाण्यात पुराव्याची वाट बघायची नाही. शंका आली की माल अडवायचा, तपासणी मागाहून. या नियमावर त्याने बावीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली होती. खरं तर भावाच्या कारखान्यात त्याने जायचंच नव्हतं. पण ज्याचं काम होतं तो रजेवर गेला, आणि याने फाइल हौसेने ओढून घेतली.

पोटदुखी, दुसरं काय! दहावीला दोनदा आपटलेला हा धाकटा, आणि आता आई येईल-जाईल त्याला सांगायची, "आमच्या धाकट्याने नाव काढलं हो!" थोरला तिथेच चहा पीत बसलेला असायचा. सकाळी फाटकात धाकट्याची नवीकोरी गाडी दिसली आणि याच्या अंगाचा तिळपापड झाला.

धाकट्याने शेरा वाचला. दादाकडे एकदा बघितलं. मग भरलेले दोन्ही ट्रक रिकामे करायला लावले. कामगार कुरकुरले, तर म्हणाला, "दादा म्हणतोय ना? मग उतरवा."

थोरल्याला तेही झोंबलं. भांडला असता मेला, तर बरं वाटलं असतं.

नवव्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. "साहेब, मानलं तुम्हाला! पिठात जंतू निघाले. एखाद्या तान्ह्याच्या जिवावर बेतलं असतं. पण वास कसला आला हो तुम्हाला? या जंतूंना वासच नसतो."

निरीक्षकाने कसंबसं हं हं करून फोन ठेवला. दुपारभर त्याला बसवेना. संध्याकाळी तो भावाच्या दारात उभा राहिला. दार धाकट्यानेच उघडलं. कडेवर सात महिन्यांची लेक, हनुवटीवर लाळ.

"ऐक," थोरला म्हणाला, "मी तो डबा उघडलाच नव्हता."

"ठाऊक आहे. मी समोरच तर उभा होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलणार होतो. कळलं होतं मला, जळून लिहिलंयस ते." धाकट्याने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "पण म्हटलं, डबा दादाने उघडला नाही, तसा मी तरी कुठे उघडलाय? घरी आलो आणि हिच्यासाठी आणलेला डबाही वर ठेवून दिला. त्याच मालातला होता, दादा."