काट्यावरचं शेवटचं नाव

गुरुवारी संध्याकाळी पावणेपाच वाजता कौसल्याबाईने ममताला टोळीतून काढलं. बाभळीला टांगलेला काटा अजून हलत होता. ममताचं कापसाचं गाठोडं आठ किलो भरलं होतं. तेरा बायांत सगळ्यात कमी.

दोन हजार सतराचा डिसेंबर होता. घाटंजीच्या बाजूला गुलाबी अळीने निम्मी बोंडं आतून खाल्ली होती. शेतमालक देवराव दुपारीच सांगून गेला होता, उद्यापासून बारा बाया पुरेत, एकीला थांबव. कोणाला, ते त्याने कौसल्याबाईवर सोडलं, कारण वेचणाऱ्या टोळीची मुकादम ती. कौसल्याबाईने ते काट्यावर सोडलं.

तिची रीतच होती ती. रोज वजनं झाली की ती नावं मोठ्याने पुकारायची, जास्तीकडून कमीकडे. शेवटच्या नावाला एक टोमणा ठरलेला. "घे वं, उशी भरायपुरता झाला तुहा कापूस." बाया हसायच्या. जिला बोललं तीही हसायची. आणि दुसऱ्या दिवशी तिचं नाव हमखास वर सरकायचं. पहिल्या हंगामातले सुरुवातीचे काही दिवस सोडले, तर पाच वर्षांत एकही बाई लागोपाठ दोनदा शेवटी राहिली नव्हती. कौसल्याबाई हे दुसऱ्या मुकादमांना कौतुकाने सांगायची. स्वतः वेचायला जायची तेव्हा तिलाही असंच बोलून बोलून तयार केलं होतं. "बोललं का अंगाले लागते," ती म्हणायची, "अंगाले लागलं का हात चालते."

"ममता, उद्यापासून तू नको येऊ."

ममताने एकदा तानाबाईकडे पाहिलं. तानाबाई टोळीत सगळ्यात वयस्क. तिने मान खाली घातली. ममताने फडकं झटकलं, त्याची घडी घातली.

"बरं बाई," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत कोणी बोललं नाही. बायांना शरम वाटत असेल, असं कौसल्याबाईला वाटलं.

शुक्रवारी बारा बाया आल्या. संध्याकाळी तानाबाईचं गाठोडं टांगलं आणि काटा साडेसहावर थांबला. आदल्या दिवशी तिचे अठरा भरले होते.

"काय तानाबाई, कपाशीच्या तासातच झोपल्या होत्या का?"

कोणी हसलं नाही.

"काल अठरा, आज साडेसहा. असं कसं?"

"कालचा माहा नव्हता," तानाबाई म्हणाली. "अर्ध्याच्या वर ममतानं टाकला होता माह्या ओटीत. काल तिची पाळी होती."

"कायची पाळी?"

"शेवटी राह्याची."

कौसल्याबाईच्या हातातलं गाठोडं खाली टेकलं.

"पह्यल्या साली तुमी रामीबाईले चार दिवस लागोपाठ बोलल्या," तानाबाई सांगत होती. "पाचव्या दिवशी ती वावराच्या धुऱ्यावर रडत बसली. तवापासून रोज सकाळी गाडीतच ठरते, आज शेवटी कोण. जिची पाळी, ती आपला माल दुसरीच्या ओटीत टाकते. मी बुढी, मले जास्त भेटे. ममता साऱ्यायपेक्षा चांगली वेचते बाई."

"मंग आज कोणी काहून नाही टाकला?"

"आज कोण टाकन? उद्या कोणाले काढसान, काय भरोसा. जिचा तिनं ठेवला."

"काल तरी बोलायचं होतं."

"बोललो असतो तं तुमी ममताच्या जागी मले काढलं असतं."

 कौसल्याबाईने काढलंच असतं. पाच वर्षं ती जिला आपली करामत समजत होती, ती बायांनी तिच्यापासून वाचायला काढलेली वाट होती.

शनिवारी सकाळी सव्वासहाला तानाबाई गाडीपाशी आली ती रिकाम्या हातांनी. "माह्या जागी ममताले न्या," एवढंच बोलून ती परत फिरली. कौसल्याबाईने गाडी ममताच्या घराकडे घ्यायला लावली. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, नवरा-बायको काल दुपारीच मिरची तोडायला तेलंगणात गेले, आता होळीलाच येतील. कौसल्याबाईने फोन लावला. बंद होता.

शेतावर अकरा बाया उतरल्या. बारावी म्हणून कौसल्याबाईने कमरेला फडकं बांधलं. पाच वर्षांनी ती तासात वाकली होती. दुपारपर्यंत बोंडांच्या टोकांनी तिची बोटं फाटली. बाया पुढे निघून गेल्या, तासाच्या टोकाहून वळल्या, तिच्या शेजारून परत गेल्या. चार वाजता तिने आपली दिवसभराची ओटी हाताने तोलून पाहिली. साडेचार किलो, फार तर पाच. मग ओटी गाठोड्यात रिकामी करून ती पाणी प्यायला बांधावर गेली.

त्या संध्याकाळी तिने नावं पुकारली नाहीत. स्वतःचं गाठोडं सगळ्यात शेवटी टांगलं. काटा अकरावर थांबला.

"माहा एवढा नाही," ती म्हणाली. "कोणी टाकला?"

बाया आपापली फडकी झटकत राहिल्या. सगळ्यात कमी वजन सोनीबाईचं होतं. सहा किलो. ममताच्या खालोखाल वेचणारी ती.

"सोनी, माही कीव आली म्हणून टाकला, का भेव वाटलं म्हणून? तेवढं तरी सांग."

"चला बाई," सोनीबाई म्हणाली, "गाडी थांबून राह्यली."

सोमवार संध्याकाळपर्यंत तिने उत्तर दिलेलं नाही. ममताचा फोन बंदच आहे.